तीर्थन नदीवरील पहिली ट्राउट सहल : पूर्वतयारीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, परभणी

येत्या हंगामात हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीवर, ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी, फ्लाय फिशिंग (कृत्रिम माशीच्या गळाने मासे धरणे) शिकण्यासाठी जायचे, हे आज नक्की झाले. आम्ही तिघे जाणार आहोत : पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला मी, औसा तालुक्यात शेती करणारा माझा भाचा आणि छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी माझी पुतणी. भाच्याने लहानपणापासून तेरणा नदीवर गळ टाकलेला आहे. परंतु गांडूळ लावलेला गळ आणि पिसे व दोरा गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीचा गळ ही दोन निराळी कामे आहेत, त्यामुळे या कामात आम्ही तिघेही सारखेच नवखे आहोत असे धरून नियोजन करायचे आहे.

नदी निवडताना काश्मीरमधील लिद्दर, हिमाचलातील पब्बर, उहल व तीर्थन आणि दक्षिणेतील निलगिरी व मुन्नार परिसरातील थंड पाणी एवढे पर्याय समोर होते. तीर्थन निवडण्यामागे बंजारपासून गुशैनीपर्यंत रस्ता बराचसा नदीच्या कडेने जातो आणि काठावरच राहण्याची सोय होते, ही कारणे आहेतच. माझ्या दृष्टीने मात्र निर्णायक कारण वेगळे आहे. तीर्थनच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि खोऱ्यातील लोक यांनी जलविद्युत प्रकल्पांना दीर्घकाळ विरोध केला, प्रकरण न्यायालयापर्यंत नेले, आणि त्यातून हे खोरे अशा प्रकल्पांपासून मुक्त ठेवण्याचे धोरण राज्याने स्वीकारले. धरणाखालच्या नदीत दरवाजे उघडल्यावर पाणी किती वेगाने चढते, हे मी नोकरीत वर्षानुवर्षे पाहिले आहे. तीर्थन जिथे बियासला मिळते त्याच लारजी येथील धरणातून ८ जून २०१४ रोजी अचानक पाणी सोडल्यामुळे खाली थलौटजवळ नदीपात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले होते. नवख्या माणसाने गुडघाभर पाण्यात पाठमोरे उभे राहून शिकायचे असेल, तर ज्या नदीचे पाणी केवळ पाऊस आणि बर्फ यांच्याच हुकमाने चढते-उतरते, तीच नदी त्याने निवडावी असे माझे स्पष्ट मत आहे.

२४ नोव्हेंबर २०२४

आजची बैठक केवळ तारखांवर झाली आणि अपेक्षेपेक्षा लांबली. पुतणीला मे महिन्याची सुटी सोयीची, भाच्याला दिवाळीनंतरची. परंतु सुट्यांवरून तारीख काढणे थांबवून आधी नदीचे वर्ष कागदावर मांडावे असे मी सुचवले.

हिमाचलातील ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारीला बंदी असते. हा काळ तपकिरी ट्राउटच्या विणीचा आहे. मादी वाहत्या, उथळ पाण्यातील गोट्यांमध्ये शेपटीने खळगा करून त्यात अंडी घालते, नंतर ती गोट्यांनी झाकते, आणि ती अंडी थंड पाण्यात अनेक आठवडे तशीच असतात. या काळात माणूस गळ न टाकता नुसता पाण्यातून चालत गेला, तरी त्याच्या बुटाखाली एक पिढी चिरडली जाऊ शकते. पुढे मार्च-एप्रिलमध्ये पाणी थंड, पण बहुतेक दिवस नितळ असते. मे आणि जूनमध्ये वरच्या डोंगरांतील बर्फ जोराने वितळू लागतो, दुपारनंतर प्रवाह वाढतो व गढूळ होतो, शिवाय मैदानी प्रदेशातील पर्यटकांची गर्दी त्याच आठवड्यांत लोटते. जुलै-ऑगस्ट पावसाचे, त्यांचा विचारच नको, कारण २०२३ च्या जुलैत कुल्लू आणि मंडी जिल्ह्यांत पुराने काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे पुन्हा उत्तम दिवस असतात.

म्हणजे पर्याय दोनच उरले. ऑक्टोबरात भाच्याची सोयाबीनची काढणी आणि मळणी असते, मजूर मिळण्याची मारामार असते, त्या वेळी त्याला शेतातून हलवणे अन्यायाचे होईल. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हरभरा घरात आलेला असतो. ३० मार्चला गुढीपाडवा आणि ६ एप्रिलला रामनवमी आहे. ७ एप्रिलला निघावे असे ठरले. पुतणीने परीक्षेचे वेळापत्रक पाहून होकार दिला.

८ डिसेंबर २०२४

साहित्याची यादी आज पक्की केली. नऊ फुटी, चार तुकड्यांत सुटणारा, पाच क्रमांकाचा रॉड, त्याच क्रमांकाची तरंगणारी लाइन, साधे रील, नऊ फुटांचे निमुळते लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा बारीक दोरा) आणि ४एक्स व ५एक्स जाडीचे टिपेट (लीडर आणि माशी यांच्यामधला सर्वांत बारीक धागा). इथे क्रमांकाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण खरेदी त्यावरच अवलंबून असते. एरवी गळ टाकताना शिसे किंवा गोळा दूर जातो आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला असलेल्या माशीला वजन जवळपास नसतेच. फेकायची असते ती जाड, वजनदार लाइन, आणि माशी तिच्यामागून जाते. पाच क्रमांकाच्या लाइनच्या पहिल्या तीस फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम असते, आणि तेवढ्या वजनाने वाकेल असाच रॉड त्या क्रमांकाचा म्हणून विकला जातो. रॉड एका क्रमांकाचा आणि लाइन दुसऱ्या क्रमांकाची घेतली, तर नवख्याला दोष हाताचा आहे की साहित्याचा, हे कळणारच नाही.

रीलवर फार पैसे घालू नयेत; या आकाराच्या नदीत ते मुख्यतः लाइन गुंडाळून ठेवण्याचे काम करते. तोच पैसा चांगल्या लाइनवर, ध्रुवीकृत काचांच्या चष्म्यावर आणि बुटांवर खर्च करावा. चष्म्यामुळे पाण्यावरची चमक जाते व तळ दिसतो, आणि माशीचा गळ उलटून तोंडावर आला तर डोळेही वाचतात. चष्म्याशिवाय कोणीही रॉड हातात घेणार नाही, हा नियम आजपासून मैदानावरही लागू राहील.

२२ डिसेंबर २०२४

सकाळी गवताच्या मोकळ्या मैदानावर लाइन फेकण्याचा सराव सुरू केला. गळ न लावता लीडरच्या टोकाला लाल लोकरीचा लहान गोंडा बांधला, म्हणजे तो कुठे पडतो ते लांबून दिसते.

भाच्याचा हात ज्वारीच्या रानात गोफण फिरवून तयार झालेला आहे, आणि गोफणीत जे गुण असतात तेच इथे आडवे येतात. गोफण गोल फिरते. लाइनला मात्र सरळ मार्ग आणि दोन्ही टोकांना ठाम थांबा हवा असतो. समोरून मागे नेताना रॉड घड्याळातील एकच्या जागी थांबवायचा, मागे लाइन पूर्ण उलगडू द्यायची, आणि मगच पुढे आणून दहाच्या जागी पुन्हा थांबवायचा. मागचा तो क्षणभराचा थांबा शिकणे सर्वांत कठीण आहे. तो चुकला की मागे चाबकासारखा आवाज होतो आणि गोंडा तुटून पडतो. खऱ्या सरावात तिथे माशी गेली असती. पुतणीने मान वळवून मागची लाइन पाहत फेकायला सुरुवात केली, आणि तासाभरात तिची लाइन आमच्या दोघांपेक्षा सरळ पडू लागली. भाचा म्हणाला, "मामा, हे जोराचं काम न्हाईच." त्यानेही मग मनगट आवळून धरले आणि कोपरापासून हात चालवला. तीस फुटांवर ठेवलेल्या घमेल्यात गोंडा पडू लागेपर्यंत अंतर वाढवायचे नाही, असे ठरले. तीर्थनसारख्या नदीत याहून लांब फेकण्याची गरज नवख्याला क्वचितच पडेल.

३० डिसेंबर २०२४, औसा तालुका

वेळ अमावस्येनिमित्त सगळे कुटुंब भाच्याच्या शेतात जमले होते. पूजा आणि भज्जी-आंबिलाचे जेवण झाल्यावर शेततळ्यावर प्रथमच गळ असलेल्या कृत्रिम माशीने सराव केला. सरावासाठी जलाशयावर न जाता शेततळे निवडण्याचे कारण साधे आहे : आपल्याकडील बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि तिथे त्यांच्या परवानगीशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या रानात शिरणे आहे. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, तर पक्षी अभयारण्यच आहे.

शेततळ्यात चिलापी भरपूर आहे. पाण्यात थोडी बुडणारी, तपकिरी रंगाची लहान माशी काठाजवळ टाकून लाइन बोटाबोटाने ओढली की चिलापी येते, हे थोड्याच वेळात लक्षात आले. एक मासा मी जवळून नीट पाहिला : ओठाच्या कडेला गळ अगदी वरवर अडकलेला होता, आणि गळाच्या टोकाचे उलटे दाते पक्कडीने दाबून टाकलेले असल्यामुळे तो बोटाच्या हलक्या उलट्या दाबाने, कल्ल्याला धक्का न लागता, निघाला. सर्व गळांचे दाते असेच दाबून टाकायचे आहेत. यात काही मासे निसटतील, आणि ते निसटू द्यावेत.

१९ जानेवारी २०२५, गंगाखेड

ट्राउटच्या नदीचे पुस्तकी ज्ञान मिळवण्याआधी वाहते पाणी वाचायला शिकले पाहिजे, म्हणून गंगाखेडच्या वरच्या अंगाला गोदावरीच्या खडकाळ पात्रात, पाणी थोडे पण वाहते होते अशा जागी, एका वयस्कर भोई गृहस्थांसोबत सकाळ घालवली. नोकरीतल्या ओळखीमुळे ते अजूनही मला साहेब म्हणतात. मी त्यांना ट्राउटविषयी सांगितले, त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मासा कोणताबी असूंद्या साहेब. तो धारंत राबत नसतो. धारंच्या कडंला दबून बसतो, अन् वाहून आलेलं खातो."

मी आयुष्यभर प्रवाहाचा वेग आणि विसर्ग मोजला, पण माशाच्या बाजूने प्रवाहाकडे पाहण्याचा प्रसंग आला नव्हता. पाण्याचा वेग सगळीकडे सारखा नसतो; तळाशी आणि खडकाच्या आडोशाला तो घटतो, पृष्ठभागाखाली थोड्या खोलीवर सर्वाधिक असतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून अशा मंद जागी थांबतो, जिथे स्वतःची शक्ती कमी लागते आणि हाताच्या अंतरावरून वेगवान धार अन्न घेऊन जाते. म्हणून मोठ्या धोंड्याच्या पुढे व मागे, वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासते त्या रेषेवर, खळाळ संपून डोह सुरू होतो त्या तोंडाशी, आणि झाडाच्या मुळांनी पोखरलेल्या काठाखाली प्रथम पाहायचे. मासा वरच्या दिशेला पाहत असल्यामुळे आपण खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून, हळू चढत जायचे.

माशी पाण्यावर पडल्यानंतरचे काम याच्याशी निगडित आहे. लाइन आणि माशी यांच्यामध्ये वेगवान धार असेल तर ती लाइनचा फुगा करते आणि माशी ओढली जाऊन पाण्यावर रेघ काढू लागते. खरा कीटक असा कधीच वाहत नाही, आणि ट्राउट त्याकडे पाठ फिरवतो. तो फुगा होण्याआधीच रॉडच्या टोकाने लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवायची असते. ही क्रिया आम्ही गोदावरीत वारंवार केली, कारण मैदानावर ती शिकताच येत नाही.

६ फेब्रुवारी २०२५

गेल्या १ नोव्हेंबरपासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, त्यामुळे ७ एप्रिलची तिकिटे आज सकाळी आठ वाजता काढली. सचखंड एक्स्प्रेसने परभणीहून निघून दुसऱ्या दिवशी दुपार उलटता अंबाला, तिथून चंडीगड, आणि रात्रीच्या मनालीच्या बसने औट येथे उतरायचे. औटच्या बोगद्याच्या अलीकडे लारजीकडे वळणारा रस्ता बंजार आणि पुढे गुशैनीला जातो. परतीचे आरक्षण त्या-त्या दिवशी करायचे आहे.

१६ फेब्रुवारी २०२५, छत्रपती संभाजीनगर

पुतणीने आज माशांच्या अन्नावर टिपण तयार करून आणले, आणि त्यामुळे कृत्रिम माश्यांच्या डबीतील गोंधळ संपला. मेफ्लाय हा कीटक आयुष्याचा बहुतेक काळ पाण्यात, दगडांना चिकटून, अळीच्या रूपात काढतो. पंख फुटायच्या वेळी तो पृष्ठभागावर येतो, काही वेळ होडीसारखे उभे पंख घेऊन वाहतो, उडून जातो, पुन्हा एकदा कात टाकतो, अंडी घालतो आणि मरतो. प्रौढ मेफ्लायला खाता येईल असे तोंडच नसते. कॅडिसची अळी वाळूचे कण आणि काडीकचरा जोडून स्वतःभोवती घर बांधते. ट्राउटचे बहुतांश खाणे पाण्याखालीच होते. पृष्ठभागावर मासा उसळताना दिसतो म्हणून तिथेच माशी टाकावीशी वाटते, पण नवख्याने निम्म्याहून अधिक वेळ बुडणाऱ्या माशीला द्यावा, हे तिचे म्हणणे मला पटले.

डबीतल्या माश्या त्यानुसार ठरल्या : पाण्याखाली फेझंट टेल आणि हेअर्स इअर, पृष्ठभागासाठी अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, बहुतेक १४ व १६ क्रमांकाच्या गळांवर, आणि खोल डोहासाठी थोड्या वूली बगर. नदीवर पोहोचल्यावर आधी एक दगड उलटा करून त्याखाली काय आहे ते पाहायचे, दगड होता तसाच परत ठेवायचा, आणि मगच डबी उघडायची.

तिने एक गंभीर प्रश्नही मांडला. तपकिरी ट्राउट मूळचा युरोपचा. कुल्लू खोऱ्यात १९०९ मध्ये कटराईनजवळच्या महिली येथे त्याची पैदास सुरू झाली. इंद्रधनुषी ट्राउट तर मूळचा प्रशांत महासागराच्या काठच्या नद्यांचा. या पाण्यातला मूळ रहिवासी स्नो ट्राउट आहे, आणि परकीय मासा त्याची जागा व अन्न घेतो. मग परकीय मासा जपून परत सोडण्यात आपण नक्की काय जपतो? भाच्याचे म्हणणे असे की ज्या माशामुळे त्या गावांत लोक जातात, राहतात आणि नदी स्वच्छ राहावी म्हणून भांडतात, त्या माशाचे नदीवर उपकारही आहेत. मला दोघांचेही म्हणणे खरे वाटते. तूर्त एवढे ठरले की स्नो ट्राउट गळाला लागला तर त्याला पाण्याबाहेर न काढता, छायाचित्राशिवाय, तत्काळ सोडायचे. आणि या परकीय ट्राउटच्या बाबतीत परवान्यातील नियम पाळून, तरीही पहिल्या सहलीत एकही मासा ताटात न घेता, सर्व मासे परत सोडायचे.

२ मार्च २०२५

काल हंगाम सुरू झाला, पण फेब्रुवारीच्या अखेरीस कुल्लू परिसरात अतिवृष्टी होऊन नाल्यांना पूर आल्याच्या बातम्या आहेत. आम्ही एप्रिल निवडल्यामुळे नदीला निवळायला अवधी आहे. गुशैनीला आम्ही ज्यांच्याकडे उतरणार आहोत त्या यजमानांना दूरध्वनी केला. रस्ता चालू आहे आणि पाणी हळूहळू उतरत आहे असे समजले. पहिल्या दिवसासाठी स्थानिक वाटाड्या त्यांच्यामार्फतच ठरवला. मत्स्यविभागाचा परवाना प्रत्येकाने स्वतंत्र आणि नदीवर जाण्यापूर्वी काढायचा आहे. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत रॉड न्यायचाच नाही. हे उद्यान २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि रोलाच्या प्रवेशद्वारापर्यंत एक दिवस नुसते चालत जाण्याची पुतणीची इच्छा मान्य केली.

२३ मार्च २०२५

दिवसाचा क्रम ठरवला. गुशैनी सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि एप्रिलमध्ये सकाळचे पाणी इतके थंड असते की मासे आणि कीटक दोन्ही मंदावलेले असतात. त्यामुळे पहाटे काठावर जाऊन कुडकुडत बसण्याचे कारण नाही. ऊन दरीत उतरल्यावर, साधारण दहा ते तीन, हा कामाचा वेळ. सोबत साधा तापमापक असेल. दहा ते सोळा अंश सेल्सियस हे तपकिरी ट्राउटला मानवणारे पाणी; वीस अंशांच्या वर त्याला पकडणेच क्रूरपणाचे, पण एप्रिलमध्ये तिथे ती वेळ येणार नाही.

पाणी मोजण्याची माझी जुनी सवय इथे उपयोगी पडेल. काठावरच्या एका स्थिर खडकावर सकाळी खडूने पाण्याची रेघ मारायची आणि दर तासाला ती पाहायची. रेघ बुडाली, किंवा पाण्यात पाने-काटक्या अचानक वाढल्या, किंवा रंग बदलला, की तिघांनीही ताबडतोब काठावर यायचे. हातात मासा असला तरी. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही, हातात बांबूची काठी ठेवायची, आणि एकट्याने कोणीही वळणापलीकडे जायचे नाही.

मासा हाताळण्याचा सराव भाच्याने शेततळ्यावर पुन्हा करून घेतला. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालायचे नाही. गळ काढल्यावर मासा प्रवाहाकडे तोंड करून मंद पाण्यात हलकेच धरायचा आणि तो स्वतः जोर करून निघेपर्यंत थांबायचे.

४ एप्रिल २०२५

यजमानांशी शेवटचे बोलणे झाले. तीर्थन नितळ आहे, दुपारनंतर थोडी वाढते. ती गढूळ झालीच तर गुशैनीलाच तिला मिळणाऱ्या फलाचन नाल्याचे पाणी आधी पाहायचे, आणि तेही गढूळ असेल तर रॉड बांधून ठेवून लाइन फेकण्याचा सराव अंगणात करायचा. बूट, जाळी आणि लाइन धुऊन उन्हात पूर्ण वाळवलेली आहेत. परतल्यावरही तसेच करायचे, म्हणजे एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात जाणार नाहीत.

भाचा ६ तारखेला रात्री मुक्कामाला परभणीला येईल, पुतणी संभाजीनगरला त्याच डब्यात चढेल. रॉडच्या नळ्या, चष्मे आणि औषधांची पिशवी माझ्याकडे. माश्यांची डबी तिच्याकडे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि खडू भाच्याकडे.